बायोडाटावाले चाचा

संग्रामपूरच्या तहसीलसमोर फॉर्म भरून देणारी दुकानं रांगेनं आहेत. नाव सांगा, पाच मिनिटांत बायोडाटा हातात. चाचांकडे मात्र तासभर मोडायचा. समोरच्याला काय काय येतं, हे त्याच्याच तोंडून काढल्याशिवाय ते कीबोर्डला हातही लावत नसत. "बायोडाटा मागायला जा, चाचा कुंडली मांडतात," असं लोक चिडवायचे. चाचा हसायचे आणि आणखी एक प्रश्न विचारायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती दुसरीकडे फजिती करून घेऊन. वरवट बकालच्या एका खाजगी शाळेत मी बारा वर्षं शिकवलं. पोरं कमी होत गेली आणि शाळा बंद पडली. नवरा गेल्यापासून घर माझ्याच पगारावर, त्यात लेक बारावीला. शेजारच्या दुकानातून घाईनं बायोडाटा काढला आणि न वाचताच चार ठिकाणी दिला. चौथ्या ठिकाणचे साहेब म्हणाले, "मॅडम, वेल्डिंग कुठं शिकलात?" आधीच्या गिऱ्हाइकाच्या फाईलवर नुसतं माझं नाव चढवलं होतं! हे सांगितलं तेव्हा चाचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मलाही हसू आलं, कित्येक दिवसांनी.

"मले शिकवण्याशिवाय काही येत नाही, चाचा."

"असं कसं बाई? सकायी शाळेत गेल्यावर पयले काय करत होत्या?"

पहिलं काम शाळेच्या गाड्यांचं. कोणती गाडी सोनाळ्याला, कोणती टुनकीला, ड्रायव्हर आला नाही तर फोन कुणाला, नाल्याला पूर असला तर पोरं कुठून वळवायची. मी कंटाळत सांगत गेले, ते टाइप करत गेले. शेवटी चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "एवढं मोठं काम करत होत्या, अन् काऊन लपवून राह्यल्या?" मी लपवत नव्हते. ते काम आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

खामगावकडच्या एका बियाणं कंपनीला गावोगाव माल पाठवायला गाड्या लावणारं माणूस हवं होतं. ती जाहिरातही चाचांनीच पेपरातून कापून ठेवली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मला समोर बसवून स्वतः साहेब झाले. शाळा का सोडली, असं विचारताच माझी मान खाली गेली.

"वर पाहा बाई. शाळा बंद पडली. तुमी नाही पाडली."

एवढं वाक्य मनाशी धरून मी गेले आणि नोकरी घेऊन आले.

पेढे घेऊन गेले तर चाचांनी साखरेच्या दुखण्यापायी अर्धाच घेतला. मग एकदम कडक आवाजात म्हणाले, "आता इकडे चकरा मारू नका. इथं काम नसलेल्याइनं यावं. तुमाले फुरसतच भेटू नये, अशी माही दुआ हाये."

फुरसत खरंच मिळाली नाही. हंगामात श्वास घ्यायला सवड नसायची, लेकीचं कॉलेजही सुरू झालं. संग्रामपूरला जाणं झालंच, तर दुकानात चाचांची पाठ दिसायची आणि समोर कुणीतरी मान खाली घालून बसलेलं. मध्येच कशाला जा, म्हणून मी पुढं निघून जायचे.

गेल्या उन्हाळ्यात शटर बंद दिसलं म्हणून शेजारी चौकशी केली. चाचा जाऊन दोन महिने झाले होते.

मी त्यांचं सगळं ऐकलं. ते शेवटचं तेवढं ऐकायला नको होतं.