कागदमिस्त्रींचं मोजमाप

कागदमिस्त्रींच्या खिशात पेन कधी नसायचं, कॅलेंडरच्या पानांच्या बारीक पट्ट्या मात्र कायम असायच्या. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्हारला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप थाटलं होतं. दोन भागांमधली फट मोजायला पोलादी पात्यांचं गेज होतं, पण त्याने मोजून झालं की ते वर कागदही सारून बघायचे. "एक कागद गेला पायजे, दोन जाता कामा न्हाईत," एवढं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला तर अशा वेळी डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

माझ्याकडे लिलावात घेतलेला जुना डोझर होता. त्याच्या इंजिनाला सुपरचार्जर. मिस्त्री त्याला ब्लोअर म्हणत. आत दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि इंजिनात हवा ढकलतात. ती हवा मिळाली नाही तर हे इंजिन सुरूच होत नाही. ब्लोअरची बेरिंगं गेली होती, दुकानदार 'भंगारात घाला' म्हणत होते, आणि मला उन्हाळा संपायच्या आत शेततळं खोदायचं होतं. "आठ दिवसांत देतो, बापू," मिस्त्री म्हणाले. आठाचे चाळीस झाले.

रोज जावं तर ब्लोअर उघडाच. एकदा पूर्ण जोडलेला त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत खोलला, का तर फिरवताना 'हाताला बरं लागंना'. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मिस्त्रीणकाकूंच्या जुन्या कढईत, तेलात बेरिंग गरम होतंय आणि मिस्त्री चुलीपुढे झारा घेऊन बसलेत, भजी तळायला बसल्यासारखे. चार हातोडे मारले असते तर बसलं नसतं का ते? पण नाही.

"मिस्त्री, माझं तळं राहतंय ना."

"तळं पुढल्या साली बी हुईल. रोटर एकदा घासला का गेला."

अखेर ब्लोअर डोझरवर चढला. आई नारळ घेऊन आली. मिस्त्रींचं घर बौद्ध. शेडमध्ये बुद्धाची तसबीर, नारळ-लिंबाचं नाव नाही. मी अवघडलो. तेच म्हणाले, "आमच्यात न्हाई हे, पन आईंची हौस हाय. फोडू द्या." हवेच्या तोंडावर जाळी अजून बसवली नव्हती. आधी उघड्या तोंडाशी कान नेऊन आवाज ऐकायचा, मग जाळी, हा त्यांचा नियम. आईने डोझरच्या लोखंडावर दणकून नारळ फोडला आणि मी स्टार्टर दाबला. इंजिन जेमतेम घुमलं आणि ब्लोअर असा किंचाळला की आईने कान झाकून घेतले.

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं. तोंडातून आत हात घातला, बाहेर काढताना मूठ मिटलेली होती. क्षणभर आईकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "माझं मोजमाप चुकलं. परत करून देतो."

तिथे मी काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. पण स्टँडसमोरच्या टपरीवर बोललो ते लिहिलंच पाहिजे: "हात गेले म्हाताऱ्याचे." दोन महिन्यांनी मिस्त्रींनीच डोझर चालू करून दिला, तो आजही चालतो. तळं मात्र त्या साली झालं नाही, आणि तो राग मी तीन वर्षं जपला. समोर दिसले तरी मी मान वळवायचो. त्यांच्या शेडपुढे ट्रॅक्टर उभे राहायचे, ते हळूहळू यायचे थांबले.

मग आई गेली. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर मिस्त्री आले, एका कडेला उभे राहिले. सगळं उरकल्यावर जवळ येऊन म्हणाले, "आता सांगायला हरकत न्हाई, बापू. त्या दिवशी आतून करवंटीचा तुकडा निघाला हुता."

"मग तवाच का नाही बोललात?"

"आईंनी हौसेनं फोडलावता. म्हाताऱ्या मानसाला अपशकुनाचा घोर लावून काय मिळनार हुतं? आन् जाळी लावायच्या आधी मी फोडू दिला, माझी बी चूक हायेच की."

"पण मी गावभर तुमचं नाव घालवलं."

"ऱ्हाऊ दे. आता कुनाला सांगत बसू नको, आईंचं नाव निघंल उगाच."

मी ऐकलं. खरं तर ऐकणं मला सोयीचंच होतं.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून परतताना टपरीवर थांबलो. चहा गाळता गाळता टपरीवाला हळहळला, "कारागीर मोठा हुता. पन शेवटी शेवटी हात गेले म्हाताऱ्याचे."

ते वाक्य माझं होतं. मी नारळापासून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, "जाऊ द्या, झालं ते झालं," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी एकदा रागात बोललो ते गावाने इतकी वर्षं लक्षात ठेवलं. खरं सांगायला गेलो तर कुणाला त्यात रस नव्हता.

म्हणून हे लिहून ठेवतोय. आईचं नाव निघालं तर निघू दे, ती असती तर तिनेच मला हात धरून टपरीवर नेलं असतं. कागदमिस्त्रींचे हात शेवटपर्यंत शाबूत होते. त्यांचं मोजमाप बरोबर होतं.