बादलीतली रिकामी जागा

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या गोदामात मला सगळे ओळखायचे ते नकलांमुळे. फोर्कलिफ्ट मागं येताना जसा आवाज करते तसा मी तोंडानं काढायचो आणि माणसं खरंच बाजूला व्हायची. फोरमनची नक्कल माझी हुकमी. पँट पोटावर ओढायची, नाकातून मोठा श्वास सोडायचा, झालं. एकदा कँटीनमध्ये हे चालू होतं आणि तो मागंच उभा होता. ओरडला नाही. म्हणाला, मी पाच आठवड्यांनी रिटायर होतोय, घरी स्वतःची बिअर स्वतः बनवतो, नक्कल करायचीच तर त्याची कर. निरोपाच्या दिवशी तुझ्या हातची एक पाइंट बिअर आण. अख्खी कँटीन हसली. मी हो म्हणून बसलो. आता माघार घेतली असती तर जन्मभर माझीच नक्कल झाली असती.

मी भाड्यानं राहायचो एका मराठी काकूंकडे. घरात दारू चालायची नाही. मी त्यांना पटवलं, काकू, हे नुसतं जवाचं पाणी, तुमच्या इडलीच्या पिठासारखं आंबवलेलं. त्या म्हणाल्या, "मला शिकवू नकोस. म्हाताऱ्याला शब्द दिलायस तर कर. पण फुगायला जागा ठेव."

तेवढंच ऐकलं नाही. केमिस्टकडून घरी बिअर बनवायचं किट आणलं, त्यात जवाचा पाक, यीस्ट सगळं. प्लास्टिकच्या बादलीत एक रेघ होती, तिथवर पाणी घालायचं, वर वीतभर जागा मोकळी. एवढी जागा फुकट? आमच्या गावाकडं चहा बशीत सांडला नाही तर पाहुणा म्हणतो, हात आखडता घेतला. मी काठोकाठ भरली. झाकणाच्या भोकात एअरलॉक बसवला. म्हणजे एक वाकडी नळी, तिच्यात घोटभर पाणी. आतला वायू त्यातून बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बादली ठेवली एअरिंग कबर्डमध्ये, गरम पाण्याच्या टाकीशेजारी. तिथं काकूंचं पीठ आंबायचं आणि टॉवेल वाळायचे.

सकाळी एअरलॉक छान ब्लुप ब्लुप करत होता. मी लगेच ती नक्कलही बसवली. संध्याकाळी कामावरून आलो तर फेस नळीत चढून नळी तुंबलेली आणि झाकण उडून टाकीमागं पडलेलं. टॉवेल, चादरी, सगळं तपकिरी आणि चिकट. काकूंचं पातेलं मात्र, अर्धंच भरलेलं असल्यामुळे, पीठ फुगूनही काठाच्या बोटभर खाली शहाण्यासारखं थांबलेलं. काकूंनी साबणाचा डबा माझ्या हातात दिला. दोन संध्याकाळी मी बाथटबमध्ये उभा राहून चादरी तुडवत होतो.

धुता धुता ठरवलं, पुन्हा करायची. बाटलीत मुरायला दोन आठवडे धरले तर उरलेल्या दिवसांत आणखी एकदाच जमण्यासारखं होतं. काकूंनीही बजावलं, ही शेवटची. या खेपेला बरोबर रेघेपर्यंत. बादली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जुन्या ब्लँकेटात गुंडाळून.

एक दिवस गेला, दोन गेले, एअरलॉक गप्प. मी कान लावला, बादलीला टिचक्या मारल्या, ब्लुप करून दाखवलं, म्हटलं बघून तरी शिकेल. काही नाही. तिसऱ्या सकाळी बादली सिंकपर्यंत ओढत नेली. यीस्ट मेलं असणार, ओतून टाकू, आजच नवीन किट आणू.

तेवढ्यात काकू रोजच्यासारखी देवापुढची उदबत्ती घरभर फिरवत आल्या. बादलीपाशी त्यांनी हात मुद्दाम लांब धरला. तरी धूर झाकणाच्या कडेशी गेला आणि कुणी फुंकर मारावी तसा बाहेर ढकलला गेला.

"काकू, हलू नका."

"मी दारूला ओवाळू?"

"दारूला नाही, झाकणाला."

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण उदबत्ती कडेनं फिरवली. सगळीकडे धूर सरळ वर जायचा, बादलीच्या कडीजवळ मात्र वाकायचा. झाकण तिथंच नीट बसलं नव्हतं. वायू तिथून पळत होता, नळीपर्यंत पोचतच नव्हता. आत काम जोरात चालू होतं आणि मी ते ओतायला निघालो होतो. मी दोन्ही अंगठ्यांनी झाकण दाबलं आणि त्या कडेवर काकूंच्या गव्हाच्या पिठाची पिशवी ठेवली. पोहे खाऊन होतायत तोवर ब्लुप.

काकूंनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "हा आवाज बादलीचा, का तुझा?"

त्यानंतर मी बुडबुड्यांवर भरवसा ठेवला नाही. किटबरोबर आलेली काचेची नळी बिअरमध्ये तरंगवायची, ती दोन दिवस एकाच आकड्यावर थांबली, म्हणजे आंबणं संपलं, तेव्हाच बाटल्या भरल्या. बाटलीच्या मानेतही जागा सोडली. आता जागा सोडायची सवयच लागली होती.

निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये फोरमनसमोर ग्लास ठेवला आणि हळूहळू ओतली. सगळे बघत होते. काठाच्या दोन बोटं खाली आपोआप हात थांबला. त्यानं ग्लास उजेडात धरला, एक लांब घोट घेतला, पँट पोटावर ओढली, नाकातून श्वास सोडला. हुबेहूब माझ्यासारखा. मग वरच्या त्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "अँड व्हेअर्स द रेस्ट?"

मी बाटली पुन्हा उचलली आणि त्याच्या मनगटावरून ओघळेपर्यंत ओतत राहिलो.