खोकल्याने मोडता मोडता राहिलेली सोयरीक

माझ्या मुलीचं लग्न मोडायला मी निघालो होतो, असं आमच्या घरात आजही मानतात. खरी गुन्हेगार एक पांढरी गोळी होती. पण गोळीला कोण बोलणार? ती तर पोटात गेली!

आधी धंद्याची रीत सांगतो. बुरहानपुरात इतवारा भागात माझं कापडाचं दुकान आहे. सायकलवर गठ्ठा बांधून तापी ओलांडायचो, जैनाबादला दारोदार लुंग्या-गमछे विकायचो, तिथून इथवर आलो. कुणाच्या बापाने दिलेलं नाही. (माझ्या बापानेही नाही. त्याने सायकल दिली, तिला ब्रेक नव्हते.) इतक्या वर्षांत एक शिकलो. गिऱ्हाइकाला आपण स्वतः 'नाही' म्हणायचं नाही. मी गादीवर हसत बसतो. भाव पटला नाही की फक्त एकदा खोकतो. शेजारी बसलेला धाकटा भाऊ प्रकाश लगेच म्हणतो, "नाही जमणार!" वाईटपणा प्रकाशला, माल माझ्याकडे. दुपारी प्रकाश जेवायला गेला की हेच काम माझी बायको शोभा करते, आणि ती तर जन्मजात हुशार! नवऱ्याला 'नाही' म्हणता म्हणता तिचा हात बसलेला होता.

तर गेल्या वर्षी माझं बीपी वाढलं. डॉक्टरांनी यंत्र दंडाला बांधलं, आकडा बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तो चोरून आणला होता.

"पाच मिलीग्रॅमची गोळी रोज घ्यायची," ते म्हणाले.

"अडीचमध्ये करा ना," मी म्हणालो.

"सेठजी, दवाई में मोलभाव नहीं होता!"

"तीन?"

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात कोंबली आणि पुढे बरंच काही सांगितलं. मी रागात होतो. रागात मला ऐकू येत नाही.

तीन आठवड्यांनी घशात खाज सुरू झाली. ना सर्दी, ना ताप, ना कफ. नुसती कोरडी ढास! बोलायला तोंड उघडलं की ठस्, चहाचा घोट घेतला की ठस्. शोभाने हळद-दूध दिलं, प्रकाशने अडुळसा आणला, शेजारच्याने ज्येष्ठमध चघळायला लावलं. दुकानात तर कहर झाला. मी खोकायचो आणि प्रकाश आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचा. एकाने तर अजून भावही विचारला नव्हता!

"अरे, हा खरा खोकला आहे!" मी ओरडलो.

"दादा, मला कसं कळणार? दोन्ही सारखेच ऐकू येतात!"

आता ऐका. याच दिवसांत वैशालीचं जमत आलं होतं. वैशाली माझी एकुलती एक. मुलगा निलेश, जैनाबादचा, केळीच्या बागा असलेलं घर. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. आम्हाला फक्त हो म्हणायचं होतं. वैशालीने मला बजावलं, "पप्पा, प्लीज, आज झिकझिक मत करना. हे लोक चांगले आहेत." मी शपथ घेतली. मनापासून घेतली!

रविवारी सकाळी निलेशचे वडील आमच्या घरी आले, सोबत त्यांची मोठी बहीण कमलआत्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. पोहे झाले. निलेशचे वडील हात जोडून म्हणाले, "शेठ, देण्याघेण्याचं आम्हाला काही नको."

मी आनंदाने तोंड उघडलं. ठस्!

"नाही जमणार!" प्रकाश म्हणाला.

ते चपापले. "बरं, लग्न साधंच करू. खर्च निम्मा-निम्मा."

ठस्!

"आम्हाला मान्य नाही!" ही शोभा.

"वैशालीने लग्नानंतर नोकरी केली तरी आमची ना नाही..."

ठस्, ठस्!

"अजिबात नाही!" दोघं एका सुरात.

दारात उभ्या वैशालीचा चेहरा लाल. निलेशच्या वडिलांनी घाम पुसला. "मग शेठ, तुम्ही म्हणाल तसं करू."

यापेक्षा चांगला भाव जगात कोणी दिलाय का? मी हो म्हणायला गेलो आणि अशी ढास लागली की डोळ्यांतून पाणी आलं. बोलता येईना म्हणून दोन्ही हात जोरजोरात हलवून प्रकाशला खुणावलं, थांब, थांब! प्रकाश उठला आणि निलेशच्या वडिलांना म्हणाला, "दादा म्हणतात, तुम्ही आता निघा."

ते उभे राहिले. चप्पल शोधू लागले. वैशाली रडत आत पळाली.

फक्त कमलआत्या हलल्या नाहीत. पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "भाऊ, बीपीची गोळी घेता का?"

मी मान हलवली. शोभाने गोळ्यांचं पाकीट आणलं. आत्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, शेवटच्या 'प्रिल'वर बोट ठेवलं आणि भावाला हाक मारली, "बस रे खाली. माणूस नाही म्हणत नाहीये, गोळी म्हणतेय."

मग त्यांनी समजावलं. किडनीला दाब कमी वाटला की ती रेनिन सोडते. त्यामुळे अँजिओटेन्सिन बनतं, पण कच्चं. एक एन्झाइम त्याला पक्कं करतं. पक्कं झालं की ते रक्तवाहिन्या आवळतं, अंगात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं, आणि बीपी चढतं. माझी गोळी त्या एन्झाइमलाच कामावरून घरी बसवते. "पण भाऊ, त्याच एन्झाइमकडे आणखी एक काम असतं. खोकला उठवणारा ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साफ करायचं. ते बसलं की हा साचतो. सगळ्यांना नाही, काहींना होतं."

"म्हणजे माल पक्का करणारा आणि दुकान झाडणारा कारागीर एकच?" मी ढासेतून विचारलं.

"बराबर! दुसऱ्या जातीची गोळी असते, सार्टन. ती कारागिराला हात लावत नाही. पक्का माल जिथे उतरतो त्या दारालाच कुलूप घालते. पण आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरला विचारून बदलायची. आणि आता तुम्ही तोंड उघडू नका!"

माझ्या गालात खडीसाखर कोंबली गेली. खर्च निम्मा-निम्मा, नोकरी करायची, लग्न जैनाबादला, सगळं माझ्यासमोर ठरलं आणि मी गाल फुगवून मान हलवत बसलो. वैशाली बाहेर आली, सासऱ्यांच्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांवर चढलो. "खोकला येतो हे आधी सांगायला काय झालं होतं?" त्यांनी माझ्याच खिशातली चिठ्ठी काढायला लावली. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: सूखी खांसी हो तो तुरंत मिलें. तरीही माझं म्हणणं आहे की त्यांनी ते अजून मोठ्याने सांगायला हवं होतं!

गोळी बदलली, थोड्या दिवसांत ढास गेली, बीपीही खाली आलं. पुढे रक्ततपासणी करून घेतली, तीसुद्धा चांगली निघाली. वैशाली सासरी इतकी खूश आहे की फोन करायलाही विसरते. आणि मला मात्र एक गोष्ट आजही खुपते. हजारो सौदे मी या तोंडाच्या जोरावर केले. पण घरातले सगळे ज्याला माझा सर्वांत चांगला सौदा म्हणतात, तो नेमका तेव्हा झाला, जेव्हा एका नर्सने माझं तोंड बंद केलं होतं.