बर्फातली म्हैस

एम.ए.ला मी जागतिक साहित्य आणि सिनेमा हा विषय घेतला, कारण त्यात अंधारात गप्प बसून बघायचं असतं, असा माझा समज होता. वर्गात उभं राहून बोलावंही लागतं, हे नंतर कळलं. सेमिनारला वीस मार्क होते, आणि सत्र संपत आलं तरी हजेरीच्या 'येस सर'पलीकडे मी तोंड उघडलं नव्हतं.

म्हणून मी प्रकल्पच असा निवडला की बोलायचं काम दुसऱ्यांनी करावं. परदेशी सिनेमा आपल्याकडच्या प्रेक्षकांना दाखवायचा, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि वर्गात लावायचं. सर धारवाडकडचे, त्यांना मराठीचा गंध नव्हता. सोबत इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या की सुटले.

माझे प्रेक्षक बेळगावजवळच्या उचगावात होते : आत्या आणि तिच्या दोन शेजारणी. सिनेमा कुठल्याशा बर्फाळ देशातला. म्हातारे नवरा-बायको, आणि वीस वर्षांनी घरी आलेला नवऱ्याचा भाऊ. तिघं टेबलाशी बसतात आणि कोणीच काही बोलत नाही. वर्गात आम्ही याला फार थोर मानायचो.

"पाव्हणा येऊन धा मिन्टं झाली," आत्या म्हणाली. "पाणीसुदीक इच्यारलं न्हाय."

"दीर हाय न्हवं तिचा?" एक शेजारीण म्हणाली.

"म्हणून काय झालं? असलं घर मी बघत न्हाय." आत्या उठायलाच लागली.

ती गेली असती तर रेकॉर्डिंग गेलं असतं, आणि वर्गात मलाच बोलावं लागलं असतं. मी घाईघाईनं म्हणाले, "ती विचारतेय, चहा ठेवू का?"

"तोंड कुठं हाललं गं तिचं?"

"तिकडं थंडी लई असते आत्या. तोंड न उघडता बोलतात."

तिघींनाही ते पटलं. आत्या परत बसली.

"मग त्यो काय म्हणाला?"

"आत्ताच घेऊन आलोय म्हणाला."

"तसं म्हणायचंच असतंय. आता हिनं आग्रव कराय पायजे."

मग तिनं आग्रह केला, म्हणजे तिच्या वतीनं मीच केला. मी इंग्रजी शाळेतली. मला आग्रह करता येत नाही. सगळी वाक्यं मी आत्याचीच चोरली, आणि आत्या मान डोलवत म्हणाली, "बाय शाणी हाय." पण वीस मिनिटांनी भाऊ काहीही न खाता उठला आणि बर्फात चालू लागला. तिघी माझ्याकडे बघू लागल्या.

"म्हशीची धार काढायची राहिलीय म्हणाला."

"व्हय तर. मग जाऊ दे बिचाऱ्याला," आत्या म्हणाली.

रेकॉर्डिंगमधून माझा आवाज काही कापता आला नाही. कापला की आत्या भिंतीशी बोलतेय असं वाटायचं. शेवटी वर्गात ते तसंच लावलं. निम्मा वर्ग बेळगाव-खानापूरचा. थंडीच्या वाक्याला ते सगळे हसून बाकांवर आडवे झाले. सर तेवढे कोरा चेहरा करून उभे.

"काय म्हणतायत त्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. वर्गानं माझ्याकडे बोट केलं.

मी उठले. "सर, वहिनी चहाचं विचारतेय."

"हा सिनेमा मी आठ वेळा बघितलाय. इथं कोणीही बोलत नाही."

"हो सर. पण आत्या उठून निघाली होती."

"बरं. मग भाऊ का जातो?"

"म्हशीची धार काढायला."

सरांनी चष्मा काढला. "कुठली म्हैस?"

"सर, गोठ्यात आहे, दिसत नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

मला रागच आला. म्हैस माझी होती. "गोठ्यात नाही," मी मागे वळून म्हणाले. "गोठा वाटणीत गेला. ती शेजाऱ्याकडे बांधलीय. म्हणून तर दोघं भाऊ बोलत नाहीत!"

सर पहिल्या बाकावर बसले. "आणि वहिनी?"

मग मी वहिनीचं सांगितलं. तिच्या माहेरचं सांगितलं. एकानं मध्येच हात वर केला, त्याला मी थांबायला सांगितलं. पुढच्या तासाची मुलं दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा सर हळूच म्हणाले, "झालं असेल तर आता खाली बसा."