मी शाळा समितीले उभा राह्यलो

चहा घ्या, पन मधात हसू नोका. आता कोन्या तोंडानं सांगू तुमाले! गधेपने मी आयुष्यात मायंदाय, ढिगानं केले. पन बायकोसमोर, सासऱ्यासमोर अन् अख्ख्या गावासमोर एकाच टायमाले केलेला हा एकच. अजूनबी शाळेवरून जायचं असलं तं मी वावरायच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून फिरून जातो!

आमचं गाव बाभुळगाव तालुक्यातलं. गावात पाचवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. गावातले अन् बाजूच्या तांड्यातले पोट्टे तिथं शिकते. माही पोरगी ईश्वरी चौथीत. एक दिवस मी वावरातून आलो तं ही भर दुपारी घरात.

"काहून वं, सुट्टी झाली का?"

"नाई बाबा. संडासले आली. शाळेतल्या संडासचा दरवाजा मोडला. आमी पोरी शाळेत पानीच नाई पेत."

माह्या डोक्यात सन्नकन गेली. नऊ वर्षाची पोरगी दिवसभर पानी पेत नाई, अन् बापाले पत्ता नाई! मी ओट्यावर उभा राहून जो आरडाओरडा केला, का शाळेले कोनी वाली हाय का नाई, गावात मानसं हाय का ढोरं!

माही बायको कुंदा कापूस निवडत बसली होती. मान वर न करता म्हने, "पंधरा दिवसानं शाळा समिती निवडाची हाय. ओट्यावरून बोंबलण्यापेक्षा तिथं जाऊन बोला."

झालं! मी ठरवलं, उभा राह्यतो. नुसता मेंबर नाई, डायरेक्ट अध्यक्ष!

आता इथं माह्या दोस्ताले आनतो, गजूले. गजू म्हंजे गावातला निवडनुकीचा डॉक्टर. आजवर पाच उमेदवारायचा प्रचार केला त्यानं. पाचही पडले. पन त्या दिवशी मले हे आठवलं असतं तं हा किस्सा झालाच नसता ना!

गजू दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीची जाडजूड मतदारयादी घेऊन आला. "सुधाकरभाऊ, यातलं एकबी घर सुटलं नाई पायजे."

अन् सोडलं नाई! सकाळी सहाले निघाचं, हात जोडाचे, म्हाताऱ्यायच्या पाया पडाचं. दोघायचं बोलनं कसं, तं मी पुढं अन् गजू मांगून, "जिल्हा परिषदेच्या शाळेवर भाऊ उभे हाय, ध्यान असू द्या!"

गजूले बोलता बोलता धाप लागे. तिसऱ्या दिवशी त्यानं वाक्य लहान केलं. "जिल्हा परिषदेवर भाऊ उभे हाय!"

जिल्हा परिषदेची खरी निवडनूकबी तवा तोंडावर होती, पन मले काही वावगं वाटलं नाई. उलट लोक एकदम मान देऊन राह्यले होते. जो कधी रामराम घेत नोहता तो खुर्ची पुसून दे. एक आजोबा म्हने, "बापू, वावरात रानडुकरायनं तूर ठेवली नाई. तेवढं पाहा." मी म्हनलं, पाहतो. एक म्हने पांदन रस्ता. पाहतो. एक म्हने यवतमाळची सकाळची यष्टी बंद झाली. तेबी पाहतो!

रात्री पडल्या पडल्या मले वाटे, शाळा समितीले एवढे अधिकार असते? आपल्याले माहीतच नोहतं!

दोनतीनदा कुंदा म्हने, "अहो, ऐका तं खरं, त्या समितीचं कसं असते..." मी म्हनो, "नंतर सांगजो, बाहेर मानसं थांबून हाय."

आठव्या दिवशी तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा फोन आला. आवाज एकदम कडक. "काबे, कोनत्या पक्षाचं तिकीट भेटलं तुले?"

मी म्हनलं, "भाऊ, पक्ष गिक्ष काही नाई. लेकरायसाठी उभा हाय."

"लेकरायसाठी? म्हंजे अपक्ष? आमची मतं फोडाले बसवलं का तुले कोनी?"

मले वाटलं, बाप रे, पोरीच्या संडासच्या दरवाजात एवढं राजकारण! मी छाती काढून सांगतलं, "आता माघार नाई!" फोन ठेवल्यावर गजू म्हने, "भाऊ, हवा झाली आपली!"

हवा झाली ना! थेट मुकुटबनले गेली. तिथं माही सासुरवाडी. जवाई जिल्हा परिषदेले उभा हाय म्हनून मामाजीनं, म्हंजे माह्या सासऱ्यानं, भाड्याची गाडी केली. सभेच्या दिवशी सकाळी आले ते हार, गुलाल अन् चार डफडेवाले घेऊन! मी म्हनलं, मामाजी, एवढं कायले? तं म्हने, "जवाईबापू, आमच्या खानदानात कोनी एवढं मोठं झालं नाई."

आता तुमीच सांगा, एवढ्यावर मानसाचे डोळे उघडाले पायजे का नाई? माहे भरून आले!

डफडं वाजवत आमी शाळेत पोचलो. मांगं शंभरेक मानसं. कोनी बिनलग्नाचं, कोनाची नातवंडं नागपूरले, अन् बरेचसे असे का ज्यायचे पोट्टे व्हॅननं इंग्लिश शाळेत जाते. फाटकावर मुख्याध्यापिका मॅडम उभ्या. त्यायचा चेहरा पांढराफटक.

"सुधाकरभाऊ, हे सगळे कोण?"

"मतदार, मॅडम!"

"अहो, ही पालकसभा आहे. ज्यांचं मूल या शाळेत आहे, त्यांनीच आत यायचं. प्रत्येक वर्गाचे पालक आपला एक सदस्य निवडतात. सदस्यांतून अध्यक्ष होतो."

मी मांगं वळून पाह्यलं. त्या शंभरात पालक किती? मी अन् गजू. अन् गजूचं पोट्टं बालवाडीत! तेबी चालत नोहतं.

मी एकटाच आत गेलो. वर्गात सतरंजीवर तीसेक जनं, त्यातल्या बहुतेक बाया. निम्म्या तांड्यातल्या. आमी प्रचारात ओट्यावरच्या मानसायले हात जोडत फिरलो, चुलीजवळच्या बायकोले कोन इचारते? अन् तांडा तं गजूनं "शेवटच्या दिवशी करू" म्हनून ठेवला, तो राहूनच गेला. सगळ्यात पुढं कोन बसली होती? कुंदा!

सही कराले गेलो तं मॅडम म्हने, "ईश्वरीच्या नावापुढं वहिनींची सही झाली. एका मुलामागं एकच मत. तुम्ही उभे राहू शकता, मत देऊ शकत नाही."

म्हनलं जाऊ द्या, भाषनात खेचून घेऊ. आवाज चढवला. "मायबहिनींनो! आपल्या पोरी दिवसभर पानी पेत नाई! मी निवडून आलो तं आठ दिवसात संडासले दरवाजा..."

बाया तोंडाले पदर लावून हासाले लागल्या. तांड्यातली शेवंताबाई उठली. "दादा, दरवाजा लागला. माह्या घरचा होता जुना, मागच्या सोमवारी आमी बायायनंच बसवला. तुमची कुंदा होती ना संगं, खिळे ठोकाले."

खिडकीतून पाह्यलं. निळा दरवाजा. रंग मारून लखलखीत. आठ दिवसापासून ईश्वरी दुपारी घरी येत नोहती, अन् मी दिवसभर पोरींच्या दरवाजासाठी गाव पालथं घालत होतो! तिथंच खाली बसलो.

चौथीचा नंबर आला. शेवंताबाई म्हने, "कुंदाले घ्या. रोजची खिचडी चाखून पाहाले तीच येते." सारे हात वर. कुंदाचाबी!

"आणि सुधाकरभाऊंसाठी?"

एकबी हात वर नाई. मले राहावलं नाई, मीच हात वर केला.

मॅडम हळूच म्हने, "भाऊ, तुमचा हात मोजता येत नाही हो."

शेवंताबाई तिसरीतून निवडून आलती, सदस्यायनं तिलेच अध्यक्ष केलं. पहिला ठराव तिथंच झाला, का शाळेच्या आवारात बाहेरच्या मानसायनं डफडं वाजवू नये. सूचक म्हनून सही कुंदाची.

बाहेर निघता निघता मी रडकुंडीले येऊन म्हनलं, "कुंदे, मले एक मत नाई का देता आलं तुले?"

"साऱ्या गावाले मांगतलं. मले मांगतलं का?"

मी फाटकाकडं सटकलो.

फाटकाजवळ मामाजी हार घेऊन ताटकळले होते. "काय झालं? आले का निवडून?"

"आली," मी म्हनलं. "तुमची पोरगी."

मामाजीले जिल्हा परिषद काय अन् समिती काय, कशाशी घेनंदेनं नोहतं. पोरगी निवडून आली! डफडं कडाडलं, हार कुंदाच्या गळ्यात पडला, गुलाल उधळला. मी तोंड पाडून बाजूले उभा. मामाजीचं ध्यान माह्याकडं गेलं. वाटलं, एक तरी मानूस आता मले धीराचं बोलते.

मोबाईल डोळ्यासमोर धरत मामाजी म्हने, "जवाईबापू, जरा सरका. मधात येऊन राह्यले."