व्हिममधून बाहेर पडायचं बटण

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझ्या वर्गातली एक मुलगी, अशा आम्ही दोघींनी ऑपरेटिंग सिस्टीम बांधली, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. बांधली तिने. तयार लिनक्स टाकायचं नव्हतं. एकेका प्रोग्रॅमचा मूळ कोड घ्यायचा, कंपाइल करायचा, क्रमाने बसवायचा. एक पायरी चुकली की पुढचं सगळं अडायचं.

ती मौद्याहून, शहराबाहेरच्या तालुक्याच्या गावाहून, रोज एसटीने यायची. तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून काम आमच्याकडे चालायचं, इतवारीच्या बाजारात बाबांच्या भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत. खाली दिवसभर गंज-पातेल्यांचा खणखणाट आणि वर ही स्क्रीनला नाक लावून बसलेली. कूलर एकच होता. त्याचं तोंड मी माझ्याकडे करून घ्यायचे. इकडे कर, असं ती कधी म्हणाली नाही.

ती 'मले', 'तुले' म्हणायची. आमच्या घरीही तेच बोलतात. मी मात्र अकरावीपासून ते जिभेवरून खरवडून काढलं होतं, आणि तिच्या तोंडून ऐकलं की मला तिचाच राग यायचा. कॅन्टीनमध्ये मैत्रिणी जमल्या की मी तिची नक्कल करायचे. हुबेहूब करायचे. तीही हसायची.

सिस्टीम पहिल्यांदा स्वतःहून सुरू झाली त्या दिवशी आमच्या सरांनी लॅबमध्ये सगळ्यांना बोलावून ती दाखवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डोकं हिचं आहे. तू नुसती हिच्याजवळ बसत जा, थोडंफार लागेल अंगाला." पूर्ण लॅब हसली. फक्त ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर ती मला म्हणाली, "एडिटर राहिला आहे. तो तू टाक वं. सरायले सांगू, हे हिनं केलं म्हणून."

मला सांभाळून घ्यायला ती हे करत होती. ते मला कळलं, आणि ते सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

एडिटर म्हणजे फाइलमध्ये लिहायचा प्रोग्रॅम, आमचा होता व्हिम. मी तो कंपाइल केला, बसवला. नुसतं 'व्हीआय' टाइप केलं तरी तोच उघडावा अशी जोडणी केली. एवढं नीट केलं. मग सेटिंगची फाइल लिहायला घेतली: ओळींना आकडे, कोडला रंग. ती शेजारी बसून म्हणत होती, "बघ, येते ना तुले." चारची एसटी पकडायला ती उठून गेली आणि मी त्या फाइलमध्ये आणखी एक ओळ टाकली.

व्हिममध्ये लिहिणं वेगळं आणि हुकूम देणं वेगळं. लिहून झालं की एस्केप दाबायचं, तेव्हा कुठे सेव्ह करायचा, बाहेर पडायचा हुकूम देता येतो. लिहिताना एस्केप दाबलं तर काहीही होऊ नये, अशी ती ओळ होती. मला मजा वाटली. परीक्षेत मशीन तू चालव, बोलायचं मी बघते, असं मी तिला फोन करून सांगितलंसुद्धा.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. सिस्टीम बघून खूश झाले. "आता एक फाइल उघडा," ते तिला म्हणाले, "स्वतःचं नाव लिहा, सेव्ह करा आणि बाहेर या."

तिने नाव लिहिलं. एस्केप दाबलं. सेव्ह करून बाहेर पडायचा हुकूम दिला, तर तो हुकूम तिच्या नावापुढेच उमटला. तिने पुन्हा एस्केप दाबलं, पुन्हा तेच. चार-पाच वेळा झालं. तिचं नाव आणि त्यापुढे ती निरर्थक अक्षरं, एवढंच स्क्रीनवर वाढत गेलं. तिच्या मानेवर घाम आला होता. मी मागे उभी राहून बघत होते.

"एडिटरमधून बाहेर पडता येत नाही," परीक्षक म्हणाले, "आणि म्हणे ऑपरेटिंग सिस्टीम बांधली! खरं सांगा, कुठून उतरवली?"

मग मी पुढे झाले. "सर, मी दाखवते." एस्केपऐवजी कंट्रोल आणि सी दाबलं, त्यानेही लिहिणं थांबतं; मग सेव्ह केलं, बाहेर आले. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचे सगळे प्रश्न मला विचारले. तिने मला इतके दिवस जे शिकवलं होतं, तेच मी त्यांना सांगितलं.

ते गेल्यावर तिने मशीनवर बसून सेटिंगची फाइल वाचली. मी दारातच होते.

"काहून केलं वं असं?"

"अगं, गंमत."

"सरायसमोर?"

मी तिच्याच सुरात म्हणाले, "काहून वं, राग आला का तुले?"

ती उठली आणि माझ्या शेजारून निघून गेली. सरांना तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी तिलाच खोटं पाडलं असतं, तयारी होती माझी. तिला पास होण्यापुरते मार्क मिळाले. मला पुण्यातली नोकरी मिळाली, मुलाखतीत हाच प्रोजेक्ट सांगून.

मागच्या वर्षी मी तिचा नंबर शोधून फोन केला. ती मौद्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. मी सगळं कबूल केलं, रडलेसुद्धा. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

"झालं बोलून?"

"हो. माफ कर मला."

"नाही करत," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुले हलकं वाटावं म्हणून फोन केला तू. माझ्यासाठी नाही केला. पोरी बसून राहिल्या वर्गात, ठेवतो मी."

मला पश्चात्ताप वाटायला हवा होता. वाटला अपमान. पुण्यातून, एवढ्या पदावरून मी स्वतःहून फोन केला होता, आणि ही मौद्याची मास्तरीण मला नाही म्हणते! त्या आठवड्यात मी तिला आणखी दोनदा फोन लावला. तिने नंबर ब्लॉक केला होता.