आबांचा हबशी

शेडनेटची दोन्ही दारं सताड उघडी, आत मधमाशा, आणि दारात टांझानियाहून आलेले आमचे गिऱ्हाईक हातात एक छोटी गुलाबी चप्पल घेऊन उभे. चपलेची मालकीण किंचाळत मिरचीच्या झाडांमध्ये गायब झालेली. मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

हे कल्याण कसलं, ते कळायला आमचं काम थोडं सांगावं लागेल. मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत प्रॉडक्शनला आहे. हायब्रीड बियाणं म्हणजे दोन जातींचं लावलेलं लग्न. एका जातीची मिरची मादी, दुसरीची नर. मादी झाडाची कळी उमलायच्या आत बायका ती चिमट्यानं उघडतात, तिच्यातले पुंकेसर काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग हातानं लावतात. ह्याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. क्रॉसिंग झालेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधायचा, रोज वेगळ्या रंगाचा. हे सगळं जाळीच्या मांडवात, म्हणजे शेडनेटमध्ये चालतं. बाहेरची मधमाशी भलत्याच मिरचीचा पराग पायाला लावून आत आली तर लग्न भलत्याशीच लागायचं. म्हणून शेडला दोन दारं आणि मध्ये एक लहानशी खोली असते. बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. हा नियम मी इतक्या वेळा ओरडून सांगितलाय की शेडमधल्या बायका माझी नक्कल करतात. समोर करत नाहीत, एवढीच मेहेरबानी.

तर हे शेड राजूर आणि हसनाबादच्या मधल्या एका गावात, उत्तमरावांच्या शेतात. शेत त्यांचं, पण शेडचा हट्ट त्यांच्या सुनेचा, सवितेचा. "मामा, कपाशीचं लई झालं, आता मिरचीचं बियाणं घेऊ," म्हणून ती सासऱ्यांच्या मागं लागली होती. गावातल्या बायकांना क्रॉसिंग तिनंच शिकवलं. हे पहिलंच पीक. पाहुण्यांनी पास केलं तर त्यांच्या देशासाठीच्या बियाण्याचं काम ह्या गावाला मिळणार होतं. नापास केलं तर सवितेला घरात तोंड उघडायची सोय राहणार नव्हती. आदल्या दिवशीच ती मला म्हणाली होती, "ताई, उद्या काही वाकडं झालं ना, तर मामा ही जाळी गुंडाळून गोठ्यावर टाकतीन."

पाहुण्यांचं नाव बराका. उंच, शांत माणूस, बीजशास्त्रातला डॉक्टर. आमचे मोरे सर सकाळी निघताना मला म्हणाले, "मॅडम, गावात लोक टकामका बघतील. सेल्फी मागतील. सांभाळून घ्या."

"सर, मी आधीच फोन केलाय."

केलाच होता. उत्तमरावांना म्हटलं होतं, पाहुणे आफ्रिकेचे आहेत, काळे आहेत, बघत उभं राहायचं नाही. त्यावर उत्तमराव चिडले होते. "मॅडम, आम्ही काय जंगली हाओत का? बिलकुल टेन्शन घेऊ नका. घरात समद्यांला सांगून ठिवतो."

सांगून ठेवलं. तिथंच सगळा घोळ झाला.

सवितेची मुलगी ओवी चार वर्षांची. दिवसभर घर डोक्यावर घेणारी. पाहुण्यांसमोर तिनं दंगा करू नये, म्हणून आबांनी, म्हणजे उत्तमरावांनी, तिला सकाळीच दम भरला, "आज गप ऱ्हायचं बरं का. न्हाई तर हबशी येईल अन् पोत्यात घालून नेईल." ह्या घरात जेवत नसेल तर हबशी, झोपत नसेल तर हबशी. सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. ओवीनं विचारलं, हबशी कसा असतो? आबांनी हौसेनं सांगितलं, उंच, काळाकुट्ट. पाहुण्यांपुढं पोरगी शहाण्यासारखी वागावी म्हणून त्यांनी तिला पाहुण्यांचीच भीती घातली, आणि हे त्यांच्या गावीही नाही! ते निवांत फेटा बांधायला गेले.

गाडीचा आवाज आला तशी ओवी लपली. कुठं, तर शेडच्या दोन दारांमधल्या खोलीत. पोरीची अक्कल बघा. इथून बाहेरचं काहीच आत येत नाही, हे तिनं माझ्याच तोंडून ऐकलेलं.

बराका पुढे, मी मागे. मी बाहेरचं दार लावायला वळले, तेवढ्यात कोपऱ्यातल्या क्रेटमागून आवाज फुटला, "आबाऽऽ! हबशी आला!" आणि आतलं दार धाडकन उघडून पोरगी पळाली. माझ्या हातातलं दार अजून उघडंच. दोन-चार मधमाशा माझ्या कानाजवळून सरळ आत गेल्या.

बराकांनी खाली पडलेली चप्पल उचलली. "काय म्हणाली ती?"

आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, इथं मराठीत सांगते. मी म्हटलं, "वेलकम म्हणाली."

"मॅडम, ती हबशी म्हणाली. आमच्या स्वाहिलीतही हा शब्द आहे. इथिओपियाच्या माणसाला म्हणतात. मी टांझानियाचा. त्यांचा देश वेगळा, आमचा वेगळा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी वर पाहिलं, मधमाशा पाहिल्या, आणि चेहरा एकदम परीक्षकाचा झाला. "आधी दार लावा."

सविता धावत आली. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. पाठोपाठ नवा फेटा सावरत उत्तमराव. बराकांनी विचारलं, "आजच्या क्रॉसिंगचा दोरा कोणता?"

"लाल," मी म्हटलं.

"लाल दोऱ्याची सगळी फुलं काढा. उमललेली बाकीचीही काढा. मग पुढचं बघू."

सकाळपासूनची सगळ्या बायकांची मेहनत मातीत. मी सवितेला सांगितलं. मला वाटलं रडेल, हातापाया पडेल. ती म्हणाली, "बराबर हाय त्यांचं. मी बी तेच केलं असतं." आणि चिमटा खाली ठेवून पहिल्या ओळीत शिरली. मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा बराकांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग चप्पल खिशात घातली, बाह्या सारल्या आणि शेजारच्या ओळीत स्वतः फुलं तोडायला लागले.

एवढ्यात मोरे सरांचा फोन. "काय मॅडम, सगळं ओके?"

"सर, पाहुणे शेडमध्ये काम करतायत."

"काम? कसलं काम? त्यांना बसवा, चहा द्या!"

"आत्ता नाही बसायचे ते," म्हटलं आणि फोन ठेवला. उत्तमराव खांद्यावरचा टॉवेल फिरवत मधमाशांच्या मागं धावत होते. मधमाशा पुढं, फेट्याचा शेमला मागं. एरवी मी पोट धरून हसले असते. पण तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं.

"उत्तमराव, पोरीच्या डोक्यात हे घातलं कोणी?"

ते थांबले. सवितेनं फुलं तोडता तोडताच उत्तर दिलं, "मी न्हाई बाई. ह्या घरात आले तवापासून मामांच्या तोंडून ऐकून राह्यले."

आमच्या धंद्यात शेतात एखादं वेगळंच झाड उगवलं की आम्ही मूळ शोधतो. बियाणं कुठून आलं, त्याच्या आधी कुठून आलं, मागं मागं जायचं. मी तेच सुरू केलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या मायनं. भाकर खाल्ली न्हाई की हबशी."

"त्यांनी पाहिला होता?"

"न्हाई. तिला तिच्या बापानं सांगितल्तं. निजामाच्या टायमाला हैदराबादेत हबशी शिपाई होते म्हणे."

"मग त्यांनी पाहिला असेल."

"ते कुठं हैदराबादला गेल्ते? जालन्याच्या पलीकडं गेले न्हाईत जिंदगीत."

"म्हणजे एवढ्या पिढ्या झाल्या, एकानंही पाहिला नाही?"

उत्तमरावांनी विचार केला. "न्हाई. आमच्या खानदानात मीच पहिला." हे त्यांनी थोडं अभिमानानंच सांगितलं, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी फेटा काढून हातात घेतला. "मॅडम, त्यांना सांगा, मला लाज वाटून राह्यली. सकाळी पोरीला काय बोललो, माझं मलाच कळलं न्हाई."

हे सगळं मी जसंच्या तसं सांगितलं. एकदा खोटं पकडलं गेल्यावर दुसरं बोलायची माझी हिंमत नव्हती. बराकांनी हातातलं फूल तोडलं. मग म्हणाले, "हॉटेलात, विमानतळावर मोठी माणसंही माझ्याकडं ह्याच नजरेनं बघतात. फक्त ओरडत नाहीत. तुमची पोरगी निदान सरळ ओरडली." ते ऐकून मला वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं.

आणि मग ते हसायला लागले. "त्यांना सांगा, माझी आजीही हेच करायची. आमच्या गावात एका भारतीयाचं दुकान होतं. आम्ही झोपलो नाही की ती म्हणायची, मुहिंदी येईल, पोत्यात घालून नेईल. मुहिंदी म्हणजे तुम्ही लोक. मी इकडं यायला निघालो तर माझी लेक गळ्यात पडून रडली. बाबा, मुहिंद्यांच्या देशात जाऊ नका."

मी हे मराठीत सांगितलं तसा सगळ्या शेडमध्ये हशा पिकला. उत्तमराव तेवढे अवाक. "आपल्याला भ्यायचं? आपण काय करतो कोणाला?"

"पोत्यात घालून नेता," सविता म्हणाली.

फुलं तोडून झाल्यावर बाहेर लिंबाखाली चहा झाला. बराकांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. नीमा तिचं नाव, ओवीएवढीच. त्यांनी फोन फिरवून उत्तमरावांना दाखवला. पुन्हा बांधलेला फेटा, पांढऱ्या झुबकेदार मिशा. स्क्रीनवर एक किंकाळी, "मुहिंदी!" आणि पोरगी पलंगाखाली.

ओवी तोवर आईच्या पदराआड येऊन उभी राहिली होती, एका पायात चप्पल. तिनं हळूच विचारलं, "ती का वरडली?"

"तुझ्या आबांला भ्याली," सविता म्हणाली.

ओवीला हे काही केल्या पटेना. "आबांला? आबांला तर दात बी न्हाईत! डब्यात काढून ठिवतेत." ती तरातरा पुढं आली आणि थेट फोनमध्ये तोंड घालून ओरडली, "ए, भिऊ नको! आमचे आबा काहीच करत न्हाईत!"

फोन बराकांच्या हातात होता. त्यामुळं आपण कोणाला चिकटून उभ्या आहोत हे तिला जरा उशिरा कळलं. तिनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "हे बी काही करत न्हाईत का?"

मी म्हटलं, "तूच विचार."

तिनं विचारलं नाही. उघडा पाय पुढं केला. बराका खाली बसले आणि खिशातली चप्पल काढून तिच्या पायात घातली. उत्तमराव तोंड फिरवून डोळे पुसत होते, आणि मिशीत धूळ गेली म्हणत होते.

शेड पास झालं. बराकांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की चूक झाल्यावर ती न लपवता एका शब्दात मान्य करणारी सवितेसारखी सुपरवायझर त्यांना क्वचित भेटते, आणि दोन दारांमधल्या खोलीत क्रेट ठेवू नयेत. पहिलं वाक्य मी सवितेला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं, सासऱ्यांसमोर. पुढच्या हंगामात गावात आणखी शेड उभी राहिली. जाळी गोठ्यावर गेली नाही.

परवा सकाळी तिकडं गेले होते. गाडी लावून अंगणात पाऊल टाकते तो आतून उत्तमरावांचा आवाज, "खा जल्दी जल्दी. न्हाई तर कंपनीच्या मॅडम येतीन हां!"

मी दारातच थबकले. म्हणजे रिकामी झालेली जागा मला मिळाली होती. ओवीनं मला पाहिलं, तोंडातला घास सावकाश चावला आणि आबांना म्हणाली, "आल्या बी. काय करतीन? चहा पितीन अन् दारावरून वरडतीन."

तेव्हा माझा अनुभव असा, की लेकरांना भीती घालायचीच असेल तर घरी चहाला येणाऱ्या माणसाची घालावी. ती फार दिवस टिकत नाही.